'मार' चिनी भाषेत गेला तेव्हा

प्रत्येक चिनी अक्षर म्हणजे एक चित्र असतं, असं अनेकदा म्हटलं जातं. डोंगर, झाड, तोंड यांच्यासाठी ते ठीक आहे, पण बहुसंख्य अक्षरं तशी नाहीत. एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार.

माझं आवडतं उदाहरण 'मो', म्हणजे सैतान किंवा जादू या अर्थाचं अक्षर. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांपुढे बुद्धाला भुलवायला आलेला मार उभा राहिला. आपल्या 'मृ' धातूचाच हा मार, म्हणजे मारणारा. त्याचं नाव उच्चारानुसार 'मोलुओ' असं लिहिलं. त्यातलं 'मो' आधी दगडाच्या खुणेचं, 'दळणे' या अर्थाचं अक्षर होतं. पुढे खालचा दगड जाऊन तिथे भूत आलं. हा बदल लियांग घराण्याच्या सम्राट वू याने केला, असं परंपरा सांगते. वर 'मा', म्हणजे ताग-अंबाडीच्या जातीची झुडपं. त्यांचा अर्थाशी काडीचा संबंध नाही, ती फक्त आवाजापुरती. चित्र म्हणून वाचलंत तर अंबाडीखालचं भूत मिळेल!

आज 'मोग्वेइ' म्हणजे सैतान, 'मोशू' म्हणजे जादूचे प्रयोग आणि 'मोफांग' म्हणजे चक्क रुबिक क्यूब. शांघायला लाडाने 'मोदू' म्हणतात, मायानगरीच म्हणा ना.

जपानीत तर अजून गंमत. तिथे हेच अक्षर 'मा' या उच्चाराने 'जामा' म्हणजे अडथळा या शब्दात आहे. कुणाच्या घरात शिरताना 'ओजामा शिमास्' म्हणतात, 'जरा त्रास देतो हं' अशा अर्थाने. पाहुणा मारालाच सोबत घेऊन उंबरा ओलांडतो.