'स्पायकिंग न्यूरॉन'मधल्या 'स्पाइक'ला काय म्हणाल?

धांदरट: मेंदूच्या धर्तीवरच्या चिप आणि क्वांटम संगणक यांची सांगड घालण्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. चेतापेशीपर्यंत ठीक होतं, 'स्पायकिंग'पाशी गाडी अडली. यंत्राने 'अणकुचीदार चेतापेशी' करून दिलं! काटे नाहीत हो तिला. आत विद्युतदाब साठत जातो, उंबरठा ओलांडला की मिलिसेकंदभराची उसळी, मग पुन्हा साठवण.

भोचक_मावशी: वनस्पतिशास्त्रात स्पाइक म्हणजे कणिश. घ्या आणि चिपवर ज्वारी पिकवा.

नांदेडकर: 'सणक' घ्या. दाढ दुखली की आजी म्हणायची, "सणक मारतीय." अचानक येते, जाते. 'सणसण'वरूनच आला असणार.

जुनी_पाटी: सणक म्हणजे लहर. 'सणकी चेतापेशी' कोण वाचेल? 'आवेग' रूढ आहे.

नांदेडकर: आवेगात भाषणं करतात.

धांदरट: बरं, आणि 'क्वांटम न्यूरॉन'ला 'पुंज-चेतापेशी' चालेल?

जुनी_पाटी: चालेल काय, तेच बरोबर. आम्ही पुंजयामिकीच शिकलो.

भोचक_मावशी: अहो, पुंज म्हणजे ढीग. तारकापुंज आठवा. क्वांटम हा ढिगातला न फुटणारा एक दाणा. सरकारच्या 2023च्या 'राष्ट्रीय क्वांटम मिशन'च्या नावातही क्वांटमच आहे.

जुनी_पाटी: सरकारी मराठी प्रमाण मानायची वेळ आली म्हणायची!

लॅबवाला: शब्दांचं जुळेल, वस्तूंचं बघा. चेतापेशी एकच सणक हजारो जोडण्यांना वाटते. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत मात्र काढता येत नाही, हे 1982 मध्येच सिद्ध झालंय. शिवाय उंबरठा ओलांडला का हे बघणं म्हणजे मापन, आणि मापलं की अध्यारोपण, म्हणजे एकाच वेळी अनेक अवस्थांत असणं, गेलं. खरी मेख इथे आहे. गंमत म्हणजे अतिवाहक (विरोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या) परिपथात जोसेफसन जोडातून, म्हणजे दोन अतिवाहकांमधल्या पातळ सांध्यातून, चुंबकीय प्रवाहाचा (फ्लक्सचा) नेमका एक क्वांटम निसटतो, तेव्हा काही पिकोसेकंदांची दाबाची उसळी येते. तिथे स्पाइकमागे एकच क्वांटम! पण ती साधी हो-नाहीवाली खूण, क्युबिट (क्वांटम माहितीचं एकक) नव्हे.

नांदेडकर: तुम्हीही 'सणक'च लिहिलंत. नोंद घेतली आहे.

भोचक_मावशी: एक दाणा, एक सणक. ढीग कुठाय?

जुनी_पाटी: 'चुंबकीय प्रवाह'? प्रवाह म्हणजे करंट. फ्लक्सला वेगळा शब्द हवा.

धांदरट: मंडळी, लेख उद्या द्यायचाय...

नांदेडकर: फ्लक्सला 'झोत'?

जुनी_पाटी: झोत बॅटरीचा.