मदत हवी आहे: मोबाईलवरून प्रिंट निघते, कॉम्प्युटर मात्र 'प्रिंटर ऑफलाइन' म्हणतो

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवस झाले, घरातल्या प्रिंटरने उच्छाद मांडलाय. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रिंटर शाईच्या टाक्यांवाला, वायफायवर चालणारा. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर असतो. ब्रॉडबँडवाल्यांचा डबा (राउटर) हॉलमध्ये टीव्हीमागे. आत रेंज येत नव्हती म्हणून माळ्यावरचा जुना राउटर काढून बेडरूममध्ये लावला आणि हॉलमधून त्याला वायर ओढली. कॉम्प्युटर (विंडोज १०) या आतल्या राउटरला वायरनेच जोडलाय.

हॉलमध्ये बसून मोबाईलवरून दिलेली प्रिंट लगेच येते. कॉम्प्युटरवरून दिली की 'ऑफलाइन'. परवा सासऱ्यांनी डिजिटल सातबारा काढला, १५ रुपये भरून. प्रिंट दिली, आली नाही. म्हणून परत दिली. परत दिली. शेवटी कंटाळून झोपले. रात्री साडेअकराला सगळं सामसूम असताना पॅसेजमध्ये खडखड सुरू झाली आणि एकामागून एक सातबाऱ्याच्या नऊ प्रती बाहेर. सासूबाई म्हणाल्या, "जमीन तेवढीच, उतारे मात्र नऊ."

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला. प्रिंटर बंद-चालू तर रोजच. दुकानदार म्हणतो, "मॅडम, नवीन घ्या." काय करू?

प्रतिसाद – कट्ट्यावरचा
यूएसबी वायर लावा आणि विषय संपवा. वायफाय प्रिंटर म्हणजे विकतचं दुखणं.

प्रतिसाद – शाईचा डाग
रांगेत अडकलेले कागद आधी साफ करा. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर आहे ते आतून रिकामं करा, मग स्पूलर पुन्हा चालू करा. शिवाय वायफायच्या दोन पट्ट्या असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. तुमचा प्रिंटर फक्त २.४ वाला असेल आणि बाकी सगळं ५ वर, तर कसं जमणार?

धागाकर्ती
स्पूलर साफ केला, धन्यवाद. निदान आता रात्री भुताटकी होणार नाही. पण ऑफलाइन ते ऑफलाइनच.
@कट्ट्यावरचा, वायर पॅसेजमधून ओढली तर सासूबाई अडखळून पडतील. नको.

प्रतिसाद – पक्कड
२.४ आणि ५ चा इथे संबंध नाही. एकाच राउटरवर असले तर दोन्ही पट्ट्यांवरची यंत्रं सहसा एकमेकांना दिसतात. ताई, मला साडेअकराची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चार गोष्टी सांगा:
त्या रात्री वीज गेली होती का? दोन्ही राउटरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय का? प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती छापा (बऱ्याच मॉडेलवर 'आय'चं बटण असतं), त्यावर आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्या यंत्राचा नंबर) काय आहे? आणि कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिल्यावर काय पत्ता येतो?

धागाकर्ती
तुम्हाला कसं कळलं? हो, अकराच्या सुमारास वीज गेली होती, अर्ध्या तासाने आली. वायफायचं नाव दोन्हीकडे एकच, मीच ठेवलं, घरभर फिरताना बदलायला नको म्हणून.
प्रिंटर: १९२.१६८.१.३५
कॉम्प्युटर: १९२.१६८.०.१०४
कॉम्प्युटरवरून प्रिंटरला पिंगही (हाक देऊन उत्तर येतं का बघणं) करून पाहिलं, चारही उत्तरं आली. म्हणजे दिसतोय की! आणि हो, आठवलं, त्या वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉलमधून मोबाईलची प्रिंट येत नव्हती. प्रिंटर बंद-चालू केल्यावर आली.

प्रतिसाद – पक्कड
सापडलं. तिसरा आकडा बघा, एकीकडे १, दुसरीकडे ०. तुमच्या घरात एक नाही, दोन नेटवर्क आहेत. हॉलचा डबा आपले पत्ते वाटतोय, आतला राउटर आपले. प्रिंटर बरोबर मध्ये. चालू होताना ज्याचा सिग्नल पकडला त्याच्या घरी तो जेवायला जातो. नाव सारखंच, त्यामुळे तुम्हाला पत्ताच लागत नाही. त्या रात्री वीज आल्यावर तो आतल्या राउटरला चिकटला, कॉम्प्युटरला भेटला आणि साचलेले नऊ उतारे ओकून मोकळा झाला.

पिंग चालतं कारण आतून बाहेर जायला वाट आहे. पण विंडोजने प्रिंटर 'डब्ल्यूएसडी' पोर्टवर जोडला असणार. तो प्रिंटरला हाक मारून शोधतो आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. उलट बाहेरून आत येण्याची वाटच बंद, म्हणून त्या दिवशी मोबाईल अडला.

आतल्या राउटरला पत्ते वाटायचं काम सोडायला लावा. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तेवढंच निवडा. नसेल तर असं करा, क्रम चुकवू नका. आधी हॉलकडून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टातून (इंटरनेटची वायर लागते ते भोक) काढून ठेवा, नाहीतर दोन्हीकडे एकच पत्ते म्हणून तो कुरकुर करेल. मग त्याचा स्वतःचा लॅन (घरातल्या नेटवर्कमधला) पत्ता १९२.१६८.१.२ करा (हॉलचा डबा वाटतो त्या पत्त्यांच्या यादीत हा नसावा). पुन्हा लॉगिन करा आणि शेवटी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद. ते आधी बंद केलंत तर बसलेली फांदी तोडल्यासारखं होईल. आता हॉलकडची ती वायर लॅन पोर्टात (कॉम्प्युटर वगैरे लागतात त्यातलं एक) घाला, वॅन रिकामाच राहू दे. कॉम्प्युटरची वायर काढून लावली की त्याला हॉलच्या डब्याकडून नवा पत्ता मिळेल.

मग हॉलच्या डब्यात प्रिंटरसाठी ३५ नंबर राखून ठेवा. कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, ॲड पोर्ट, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' आणि तोच पत्ता. एवढं करूनही खोटं ऑफलाइन दिसलं तर पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस'ची (प्रिंटरला त्याची अवस्था विचारण्याची सोय) खूण काढा.

प्रतिसाद – कट्ट्यावरचा
मानलं. माझी वायर मी परत घेतो.

धागाकर्ती
पक्कडदादा, झालं! जुन्या राउटरला तो मोड नव्हता, म्हणून दुसरा रस्ता धरला. मध्ये पाच मिनिटं इंटरनेट गेलं तेव्हा मुलाने घर डोक्यावर घेतलं. कॉम्प्युटर आता १९२.१६८.१.४१ दाखवतो, प्रिंट हॉलमधूनही येते आणि आतूनही. मुद्दाम मेन स्विच पाडून पुन्हा लावून पाहिला, तरी येते.
एकच राहिलं. स्कॅन करायला गेलं की 'स्कॅनर सापडला नाही'.

प्रतिसाद – पक्कड
स्कॅनचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, ते जुनीच जोडणी धरून बसलंय. त्यातून प्रिंटर काढा आणि आयपी पत्ता घालून पुन्हा जोडा.

धागाकर्ती
जोडला, चालतोय. पहिला स्कॅन सासऱ्यांनीच केला. सातबाऱ्याचा.