शिंप्याकडून शिवून घेतला की कॉस्प्ले खोटा?

उसवाउसवी:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "महिनाभर घरी मशीन मारत बसणारे कॉस्प्लेअर म्हणजे नुसता हट्ट. टेलरला दोन हजार द्या आणि लूककडे लक्ष द्या." कॉस्प्ले म्हणजे कॉमिक-कार्टूनमधल्या पात्राचा वेष करून मिरवणं. सोडून देणार होते, पण रात्रभर डोक्यात घुमत राहिलं.

मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवेड्यांच्या मेळाव्याला, तीन आठवडे उरलेत आणि मी डेमन स्लेअर या जपानी कार्टून मालिकेतल्या तांजिरोचा हाओरी (सैल जपानी अंगरखा) शिवतेय, तोच हिरव्या-काळ्या चौकड्यांचा. प्रिंटेड कापडाचा नाही. दादरच्या हिंदमाता कापडबाजारातून साधं पॉपलिन आणलं, साडेचार इंची पट्ट्या काढल्या, हिरवी-काळी-हिरवी-काळी जोडत गेले, मग तो अख्खा तुकडा आडवा कापून परत साडेचारच्याच पट्ट्या, आणि त्यातली एक सोडून एक उलटी फिरवून जोडायची. दोन्हीकडून पाव-पाव इंच शिवणीत जातं, हातात राहतो चार इंची चौकोन. प्रत्येक शिवणीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकलं तरी दहाव्या शिवणीला सव्वा इंचाचा फरक, कोपरे पार हुकतात. तीनदा उसवलंय. आजी म्हणाली गोधडी शिवतेस होय, मी म्हटलं हो. आणि हा माणूस म्हणतो हट्ट. आहेच हट्ट!

लालबागचा_रोनिन:
महाशय हजर आहेत. ताई, मेहनतीला नाव ठेवलंच नाही, पण स्वतः शिवलं तरच खरा कॉस्प्ले हा जो सोवळेपणा चाललाय ना त्याचा वैताग येतो. इतिहास बघा जरा. १९३९ ला न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथावाल्यांच्या संमेलनाला, त्यातलाच एक चाहता फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यातल्या माणसाचा वेष घालून गेला, अजून त्याचं नाव घेतात. त्याने शिवला होता का? नाही. त्याच्या मैत्रिणीने, मर्टल डग्लसने शिवून दिला होता. म्हणजे मुळातच शिवून घेतलेला!

आणि माझा अनुभव ऐका. दोन वर्षांपूर्वी मीही हौसेने पँट स्वतः शिवली. कुर्ल्याला लोकलमध्ये चढताना मागून टर्रकन गेली. अख्खा दिवस कमरेला बॅग बांधून फिरलो, एक फोटो धड नाही.

उसवाउसवी:
अरे पण तूच माझा मुद्दा मांडलास! मर्टल स्वतःही तसाच वेष घालून तिथेच होती. नाव कोणाचं राहिलं? घालणाऱ्याचं. शिवणारी तळटीपेत. पँटचं वाईट वाटलं, पण एकेरी टीप मारली असशील. आसनाच्या शिवणीला दुहेरी मारतात.

माई_डोंबिवली:
हे शिवलेल्याचं भांडण आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपात रोजचं आहे. नाडीवाली शिवलेली नऊवारी चढवायची आणि खाली लिहायचं 'आपली परंपरा'. माझ्या सासूबाई एक पिन न लावता नेसायच्या आणि तशाच विहिरीचं पाणी ओढायच्या. यांना ओचा कुठे खोचतात विचारा.

स्कूटीवाली:
माई, मीच ती नाडीवाली. पाडव्याच्या शोभायात्रेत तीन तास गाडीवर असते. आई ऑफिसला जाणारी, आजी लवकर गेली, नेसायला शिकवणार कोण? तुमच्या त्या नेसलेल्या नऊवारीत माझ्या मैत्रिणीचा काष्टा भर फडके रोडवर सुटला, आम्ही चौघींनी कडं करून तिला आडोशाला नेलं. मग सांगा परंपरा.

माई_डोंबिवली:
काष्टा सुटत नाही, सोडावा लागतो. नीट नेसली नसेल.

स्कूटीवाली:
झालं. चूक नेसणारीचीच. शिकवायचं कोणीच नाही, टोमणे मारायला मात्र सगळ्या तयार!!

माई_डोंबिवली:
आवाज चढवू नकोस. रविवारी ये घरी, शिकवते. साडी सुती आण, ती चकचकीत सिंथेटिक आणलीस तर दारातून परत पाठवीन.

टेलरपुत्र:
नऊवारी आवरा आता, मला मूळ दोन हजारावर बोलायचंय. कुठल्या जगात राहता रोनिन? माझे वडील टेलर आहेत. लोक मोबाईलवर कार्टूनचं चित्र दाखवतात, पाठ कशी आहे ते दिसत नाही, बाही कुठे जोडलीय ते दिसत नाही, आणि म्हणतात "असंच्या असं, शनिवारी द्या". त्यातून पेपर कटिंग काढायचं, अस्तर, बकरम, ओव्हरलॉक, दोन ट्रायल, आणि शेवटी घासाघीस. बाबांनी एकदा सहा दिवस घालून लांब कोट शिवला. त्या पोराने फोटो टाकला, खाली मोठ्या ऐटीत 'हँडमेड'. कोणाचा हँड ते नाही लिहिलं. बाबांना दाखवला तर म्हणाले, कॉलर छान बसलीय. बस, एवढंच.

शिवून घ्या, खुशाल घ्या, आमचं पोट त्यावर आहे. टेलरचं नाव लिहायला काय जातं?

लालबागचा_रोनिन:
बरं बाबा. नाव लिहीन. दोन हजार कमी बोललो तेही मान्य, खूश? पण सोवळ्याचा मुद्दा मी सोडलेला नाही, ज्याला जमत नाही त्याने काय घरी बसायचं?

उसवाउसवी:
घरी बस कोण म्हणालं? स्वतः बनवलेल्या वेषाला मिळतं त्या क्राफ्टच्या बक्षिसाला मात्र शिवून घेतलेला घेऊन उभा राहू नकोस. बाकी नाच हवा तेवढा.

लालबागचा_रोनिन:
नाही राहत, आई शप्पथ. एक विचारू? ते उलटं फिरवून जोडायचं जे आहे, त्यात पट्टीत चौकोन किती घ्यायचे? भाचीला हाच हाओरी हवाय, टेलर महिनाभर तारीख देत नाहीये.

उसवाउसवी:
😂 सम. आठ घे, दहा घे. विषम घेतलेस तर कितीही फिरव, पट्टी तशीच दिसेल. आणि काळं कापड आधी धू, दोनदा, नाहीतर पहिल्या घामाला हिरव्यावर उतरेल.