कलौंजी म्हणजे कांद्याचं बी नव्हे

कलौंजीला काहीजण 'कांद्याचं बी' म्हणतात, आणि तिचं तेल सुरू करून मधुमेहाची गोळी थांबवावी का, असंही विचारतात. आधी नावाचं. दोन्ही बिया काळ्या आणि टोकदार, म्हणून हा घोळ होतो. पण कलौंजी मोरवेलीच्या कुळातली, शास्त्रीय नाव नायजेला सटायव्हा. शहाजिरं, कारळे आणि कडू जिरं ही तिन्हीही वेगळी. औषध म्हणून घ्यायचं तर ही ओळख पक्की हवीच.

बियांत साधारण तिसरा हिस्सा स्थिर तेल (उडून न जाणारं) असतं, त्यात लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल सर्वाधिक. खरा गुण मात्र थोड्याशा उडनशील तेलात, त्यातल्या थायमोक्विनोन या संयुगात. ओव्यातल्या थायमॉलचाच हा जवळचा नातेवाईक. दाह कमी करण्याचा त्याचा गुण प्रयोगशाळेत वारंवार दिसलाय. पण प्रकाशात थायमोक्विनोन टिकत नाही, त्याचे दोन रेणू जोडले जाऊन वेगळंच संयुग होतं. म्हणून तेल गडद बाटलीतलंच घ्या. पारदर्शक बाटली उन्हात मांडून ठेवलेली दिसली की मला खरंच वाईट वाटतं.

आता गोळीचं. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत साखर आणि रक्तदाब थोडा उतरलेला दिसतो, पण तिथेही बहुतेकांची नेहमीची औषधं चालूच होती. त्यामुळे गोळी अजिबात थांबवू नका. उलट दोन्ही एकत्र घेतल्यास साखर जास्त खाली जाऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर बायकांनी तेल टाळावं. नानवर किंवा लोणच्यात पडते तेवढ्या कलौंजीची काळजी नको.