नायजर देशात आली तशी झाडं मुरबाडमध्ये परत आणायची, तर आराखड्यात काय लिहायचं?

ऐरोलीकर
ठाण्यातल्या एका संस्थेसाठी मुरबाड तालुक्यातल्या दोन पाड्यांचा तीन वर्षांचा आराखडा लिहायचा आहे. थोडी वरकस (उताराची, नाचणी-वरीची हलकी) जमीन आणि सामूहिक वनहक्काचं रान, मिळून ६० हेक्टर. देणगीदाराने पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरचा दाखला दिलाय आणि सोबत तक्ता पाठवलाय, त्यात पहिलाच रकाना ‘दरवर्षी किती रोपं लावणार?’ नायजरमध्ये नेमकं काय केलं आणि त्यातलं इथे काय लागू पडेल? शेजारच्या बुर्किना फासो देशातले शेतातले खड्डेही कुणीतरी सुचवलेत. ते चालतील का?

बुडखा
रकान्यात शून्य भरा. चेष्टा नाही. नायजरच्या (नायजेरिया नव्हे, आराखड्यांत ही चूक हमखास होते) दक्षिणेला मारादी आणि झिंदेर भागात सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परत आली, ती रोपं लावून नव्हे. आधी लागवडच चालू होती आणि बहुतेक रोपं मरत होती. १९८३ च्या सुमारास टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं, की शेतात जी खुरटी झुडपं दिसतात ते तोडलेल्या झाडांचे जिवंत बुडखे आहेत. मुळं शाबूत असतात, फुटवा दरवर्षी येतो आणि पेरणीआधी दरवर्षी छाटला जातो.

काम एवढंच: कुठले बुडखे राखायचे ते ठरवा. प्रत्येकावरचे सरळ, जोमदार ३ ते ५ फुटवे ठेवा, बाकीचे कापा. ठेवलेल्या फुटव्यांच्या बाजूच्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंत काढा. कोयता धारदार हवा आणि घाव खालून वर. वरून मारला की साल फाटत जाते आणि तिथूनच कूज शिरते. दर २ ते ६ महिन्यांनी नवे धुमारे खुडा. पुढे वर्षाला एखादा फुटवा सरपणाला तोडायचा आणि त्याच्या जागी नवा वाढू द्यायचा. घरात लाकूड येत राहतं म्हणून माणूस झाड राखतो. रोपाच्या बाबतीत ही कमाई दहा-बारा वर्षं लांब असते.

खरी अडचण कायद्याची होती. फ्रेंच अमलापासून झाड सरकारचं. शेतकऱ्याने राखायचं आणि फांदी तोडली तर दंडही त्यालाच, मग उगवतं तेच छाटलेलं बरं. पुढे वनखात्याने हात सैल सोडला, १९९३ मध्ये ग्रामीण संहिता आली आणि शेतातलं झाड आपलं असं लोक मानू लागले. तुमच्या आराखड्यात झाडांच्या मालकीच्या कामाला ओळ तरी आहे का?

कोपरीकर
खड्ड्यांचं उत्तर मी देतो. ते ‘झाई’. २० ते ४० सेंमी रुंद, १० ते २० सेंमी खोल, उन्हाळ्यात खणून प्रत्येकात एक-दोन ओंजळी शेणखत. ८० सेंमी अंतराने धरले तर हेक्टरी १५,६०० खड्डे होतात, मजुरीचा हिशोब तुम्हीच करा. खताच्या वासाने वाळवी येते, तिच्या बिळांतून पाणी कडक जमिनीत मुरतं, हीच त्यातली गंमत. पण हे ३०० ते ८०० मिमी पावसाचं तंत्र आहे. मुरबाडला त्याच्या कितीतरी पट पडतो, खड्डे डबकी होतील आणि नाचणी सडेल. ते काढून टाका.

नायजरची आणखी एक गोष्ट जशीच्या तशी उचलू नका. तिथलं ‘गाओ’ हे काटेरी झाड पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं असतं. बाजरीवर सावली येत नाही, शेंगा मात्र गुरांना मिळतात. आपले साग, ऐन, पळस बुडख्यावरून किंवा मुळांवरून छान फुटतात, पण भर पावसात दाट पानांत असतात. वरकसावर नाचणी-वरी असेल तर झाडं बांधावर आणि कडेला राखा.

फलक
पैशाबद्दल. फुटव्यामागे मजुरी देऊ नका. मारादीत १९८४ च्या दुष्काळात धान्याच्या बदल्यात झाडं राखायला सांगितलं होतं. धान्य थांबलं, पाऊस बरा झाला, आणि राखलेल्या सुमारे पाच लाख झाडांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त तोडली गेली. जी टिकली, वाढली ती फायदा दिसलेल्यांनी राखली.

बुडखा
अर्धं मान्य. राखणदाराला मात्र पैसे द्यावेच लागतील. उनाड गुरं आणि शेजारच्या पाड्याचा कोयता याला फुकट कोण अडवणार?

फलक
राखणदाराला हो, पण ग्रामसभेच्या खात्यातून आणि रक्कम शाळेच्या भिंतीवर लिहून. युगांडात १९९१ ते १९९५ दरम्यान शाळांच्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के पैसे शाळेपर्यंत पोहोचत होते. मग रकमा वर्तमानपत्रांत आणि शाळेच्या फलकावर जाहीर होऊ लागल्या. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. सगळं श्रेय फलकाला देऊ नये, त्याच काळात इतर सुधारणाही झाल्या. पण भिंतीला खर्च काय येतो?

आणि मालकी आधी तपासा. सामूहिक रानात वनहक्क कायदा २००६ ग्रामसभेला राखण्याचा, वाढवण्याचा हक्क देतो, तेव्हा ठराव तिथूनच हवा. खासगी वरकसावर सागासारखी झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. हे लोकांना आधी सांगा, नाहीतर ‘वाढवलं तर अडकलो’ म्हणून सागाचा बुडखाच जाळतील.

ऐरोलीकर
मग देणगीदाराला आकडा कुठला देऊ?

कोपरीकर
जिवंत बुडख्यांचा. १० बाय १० मीटरचे चौकोन आखा, उतार, माथा, पायथा सगळीकडे मिळून किमान ३०. मोजलेली सरासरी गुणिले १०० म्हणजे हेक्टरी संख्या. त्याच चौकोनांत दरवर्षी राखलेले फुटवे आणि त्यांची उंची मोजा. राबासाठी (भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला) कुठल्या झाडांच्या फांद्या तोडतात तेही टिपा. ती झाडं वेगळी ठेवली नाहीत तर पहिल्याच वर्षी भांडण लागेल.

बुडखा
छाटणी भात झोडून झाल्यावर, पौष-माघात. कापलेलं सगळं लगेच उचला. वाळून तिथेच पडलं तर वणव्याला आयतं सरपण. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाचोळा काढून ठेवलेला पट्टा, होळीच्या आधी झाली पाहिजे. निधीचा पहिला हप्ता मार्चअखेर येणार असेल तर तो आधी मागून घ्या.