फिरत्या आवाजासाठी शब्द हवा: ‘ध्वनिभ्रमण’, ‘पॅनिंग’ की आणखी काही?

लिप्यंतर: एका विज्ञानविषयक अंकासाठी अमेरिकी संगीतकार जॉन चाउनिंग यांच्या १९७१ सालच्या शोधनिबंधाची ओळख मी मराठीत लिहीत आहे. चार कोपऱ्यांतले चार स्पीकर जागचे न हलवता, आवाज श्रोत्याभोवती फिरत असल्याचा भास संगणकाच्या साहाय्याने कसा निर्माण करता येतो, हे त्यांनी त्यात दाखवले. मी ‘स्थलांतरित ध्वनी’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘आभासी ध्वनिभ्रमण’ केले आणि ‘रिव्हर्ब’च्या (खोलीत मागे रेंगाळणाऱ्या आवाजाच्या) जागी ‘प्रतिध्वनी’ घातले. दोन्ही बदल मला खटकतात. आपण काय लिहाल?

षड्ज: स्थलांतर माणसांचे आणि पक्ष्यांचे होते, त्यामुळे तो शब्द गेला हे बरे झाले. ध्वनिमुद्रणाच्या कामात आम्ही दिवसभर ‘डावीकडे पॅन कर’, म्हणजे आवाज डाव्या स्पीकरकडे वळव, असेच म्हणतो आणि ते सर्वांना कळते. आवाज डावीकडून उजवीकडे नेताना दोन्ही बाजूंचा विद्युतदाब नुसता सरळ हिशेबाने वाटला, तर मधोमध येताच आवाज खचल्यासारखा, मागे गेल्यासारखा वाटतो. म्हणून मध्यावर दोन्ही बाजू साधारण ३ डेसिबलनेच उतरवतात. मात्र पॅनिंगने फक्त दिशा मिळते. चाउनिंग यांनी दिशेला अंतराची आणि वेगाची जोड दिली, आणि हे तिन्ही सामावणारा शब्द आमच्या बोलण्यात नाही.

रानवारा: रुळलेला असला म्हणून इंग्रजी शब्द छापावाच, हे मला पटत नाही, मात्र ‘प्रतिध्वनी’ हा सरळ चुकीचा शब्द आहे. कड्यासमोर हाक मारल्यावर सुटी परत येते, तो प्रतिध्वनी. भिंती, छत आणि जमीन यांवरून परतलेल्या असंख्य लहरी एकमेकींत मिसळून मागे रेंगाळतात, तो घुमारा. अंतराचा भास याच भेदावर उभा आहे. उगम दूर जाऊ लागला की थेट येणारा आवाज अंतर दुप्पट होताच ६ डेसिबलने कमी होतो, पण खोलीतला घुमारा जवळपास तेवढाच राहतो, आणि या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ताडतो. संपादकांचा शब्द ठेवला, तर वाचकाला हे कळण्याचा मार्गच बंद होईल.

लिप्यंतर: शाळेच्या विज्ञानात याला ‘निनाद’ म्हणतात ना?

रानवारा: म्हणतात, परंतु निनादात गोडवा आहे. घंटेचा निनाद होतो, रिकाम्या गोदामातल्या खोकल्याचा होत नाही. घुमारा दोन्हींचा होतो.

आरोही: ‘षड्ज’ यांनी डेसिबलसाठी ‘उतरवतात’ हे क्रियापद वापरले, त्याला माझी हरकत आहे. गाणाऱ्यांच्या भाषेत स्वर उतरतो आणि आवाज लहान होतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेल्या परिणामाविषयी, म्हणजे उगमाच्या वेगामुळे स्वर बदलण्याविषयी, लिहिताना हा घोटाळा जड जाईल. ताशी ७२ किलोमीटर वेगाने शिट्टी वाजवत गाडी आपल्याजवळून गेली, तर येतानाच्या आणि जातानाच्या स्वरांचे गुणोत्तर जवळजवळ ९:८ भरते, म्हणजे शुद्ध रिषभावरून षड्जावर आल्याइतका फरक पडतो. गाडी दूर जाताना आवाजही लहान होत जातो. दोन्हींसाठी ‘उतरला’ लिहिले, तर चाउनिंग यांनी संगणकाला नेमके काय बदलायला सांगितले, हे वाचकाने कसे ओळखायचे?

षड्ज: ‘आवाज चढवला’ हे आपण रेडिओच्या बाबतीतही म्हणतोच. बोलीत रुळलेले क्रियापद गायकांच्या सोयीसाठी राखून ठेवणे मला मान्य नाही.

ओसरी: मूळ प्रश्नाकडे येते. आपल्याकडे ‘चाहूल’ आहे. न पाहता, केवळ कानाने कळलेली हालचाल म्हणजे चाहूल. माझी आजी स्वयंपाकघरातून विचारायची, “चाहूल लागली, कोण आलं गं?” ‘चाल’ आणि ‘हूल’ मिळून हा शब्द झाला असावा, असे मला नेहमी वाटते. फिरत्या उगमाची हूलच तर द्यायची आहे!

रानवारा: ही व्युत्पत्ती निव्वळ ध्वनिसाम्यावर बेतलेली दिसते. कोशाचा आधार मिळेपर्यंत ती छापू नये.

आरोही: शिवाय चाहूल येणाऱ्याची लागते. जाणाऱ्याची चाहूल लागल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

ओसरी: जाणाऱ्याचीही लागते. रात्री कोणी दबक्या पावलांनी अंगणातून निघून गेले, तर आमच्याकडे ‘चाहूल लांबत गेली’ असे म्हणतात.

लिप्यंतर: चाउनिंग यांच्याच ‘तुरेनास’ या १९७२ सालच्या रचनेत आवाज श्रोत्याभोवती वळसे घेत राहतो. त्याला येणे म्हणावे की जाणे? आणि अंक तर परवा छापायला जायचा आहे.

आरोही: आधी ‘उतरणे’ या क्रियापदाचे ठरवू या.