गावची शाळा: मुंबईकरांनो, तुमच्या आठवणी लिहा

साठी ओलांडलेल्या मुंबईकराशी गप्पा मारायला बसा, दहाव्या मिनिटाला गाडी गावच्या शाळेवर येते. आधी लोकल बोर्डाची, १९६२ पासून जिल्हा परिषदेची. दारावर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असा फलक. त्यातल्या कित्येक शाळांचा पट आता वीसच्या आत आलाय, म्हणून हा धागा. एकच विनंती: 'आमचे गुरुजी देवमाणूस होते' एवढ्यावर थांबू नका. जे खटकलं तेही येऊ द्या.

लालबाग (मूळ संगमेश्वर तालुका)
चिऱ्याची एक खोली, वर नळीची कौलं, आत चार इयत्ता आणि गुरुजी एकच. फळ्याचे खडूने दोन भाग केलेले. तिसरी-चौथीला गणितं घातली की गुरुजी दुसरीकडे वळायचे, आणि पहिलीला चौथीतला एखादा हुशार पोरगा अक्षरं गिरवायला लावायचा. गुरुजींपेक्षा तोच जास्त मारायचा!

शनिवारी सकाळची शाळा आणि सारवण. मुलगे विहिरीवरून पाणी आणणार, मुली शेण कालवून सारवणार. हे कोणी ठरवलं होतं देव जाणे, पण चौथीपर्यंत माझ्या बहिणीचा शनिवारचा अभ्यास म्हणजे सारवण. जमीन वाळेपर्यंत बाहेर पावकी-निमकीचा, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांचा घोष.

एका पावसाळ्यात निम्मं छप्पर गेलं. पैसे आले ते मुंबईतून, आमच्या ग्रामस्थ मंडळाकडून. गिरणीतल्या पगाराच्या दिवशी गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोलीत वर्गणी गोळा व्हायची. शाळेच्या भिंतीवर अजून संगमरवरी पाटी आहे: कोणाचे रु. ५१, कोणाचे रु. ११. त्यात वडिलांचं नाव रु. ५ च्या रांगेत. ते स्वतः दुसरीपर्यंतच शिकलेले.

मुलुंड (मूळ पाटण)
११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप पहाटे झाला म्हणून आम्ही वाचलो, कारण शाळेची मागची भिंत आमच्या बसायच्या जागेवरच पडली होती. पुढे कितीतरी दिवस शाळा आंब्याखाली. फळा बुंध्याला टेकवलेला. दुपारी सावली सरकली की गुरुजी म्हणायचे, "उचला बस्करं," आणि अख्खा वर्ग हातभर पुढे. खरं सांगायचं तर आम्हाला ती शाळा जास्त आवडायची.

चेंबूर (मूळ मराठवाडा, गाव सांगत नाही)
वरचं वाचून बरं वाटलं, पण आमची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. बाकीची मुलं सभामंडपात, आम्ही पायरीच्या खाली, उन्हात. पाटी दाखवायची तर पायरीवर ठेवून मागे सरायचं. गुरुजी छडीच्या टोकाने ती फिरवून बघायचे. अक्षर चांगलं असलं तरी 'शाब्बास' नाही. हे संविधान लागू झाल्यानंतरचं सांगतोय, आधीचं नव्हे.

मग बदलून दुसरे गुरुजी आले. त्यांनी काही भाषण वगैरे केलं नाही. एका रिकाम्या गोठ्यात शाळा हलवली आणि सगळ्यांना उंचीप्रमाणे बसवलं. मी बुटका, त्यामुळे पहिल्या रांगेत. काही घरांनी महिनाभर मुलं पाठवली नाहीत, मग पाठवली.

घाटकोपर (मूळ सोलापूर जिल्हा)
काका, उंचीप्रमाणे बसवणं हे फार आवडलं.
१९७२ च्या दुष्काळात वाटायचे ती सुकडी, तो कोरडा पौष्टिक खाऊ, कोणालाच आठवत नाही का? आई दुष्काळी कामावर खडी फोडायला, आम्ही शाळेत सुकडीसाठी. अर्धी खायची, अर्धी पाटीवर घेऊन घरी धाकट्यासाठी. त्या पाटीला मुंग्या लागायच्या.

बोरिवली (मूळ डहाणू)
आमच्याकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांचं काम. आदिवासी मुलं गुरं सोडून येऊ शकत नाहीत, तर शाळाच चरणीच्या जागी न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा. पानं, बिया, खडे मोजूनच अंकओळख. आज लोक असल्याच गोष्टींसाठी लाखाची फी भरतात, असो.

दहिसर (मूळही दहिसरच)
गाव म्हणजे मुंबईबाहेरच असं कोणी सांगितलं? आमचंही गावच होतं. १९५७ ला हद्द वाढली आणि बसल्या जागी आम्ही मुंबईकर झालो! कागदोपत्री बदल झाला, शाळेसमोरची भातखाचरं होती तिथेच. आवणीच्या दिवसांत वर्ग ओस. गुरुजी छत्री आणि हजेरीपट घेऊन बांधावर यायचे, चिखलात वाकलेल्या पोरांनी तिथूनच "हजर!" म्हणायचं. माझी आजी त्यांना म्हणायची, "मास्तर, आलाच हाव तं चार रोपं लावून जा." आणि ते धोतर खोचून खरंच उतरायचे. रोपं मात्र वाकडीच लावायचे.